वाचकांचे प्रश्न : पहिला घास कोणाचा?

सुगीचे आणि कृतज्ञतेचे सण निरनिराळ्या देशांत कसे साजरे होतात, याविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील सात प्रश्न येथे घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांत सांगण्यासारखे पुष्कळ होते.

प्रश्न (नाशिकहून एक वाचक भगिनी) : माझा मुलगा बारा वर्षे न्यू जर्सीत आहे. मी तिकडे असताना नातू शाळेतून कागदी पिसांचा मुकुट घालून आला आणि म्हणाला, ‘इंग्लंडहून आलेल्या लोकांनी आणि इंडियन लोकांनी एकत्र बसून जेवण केले, तोच थँक्सगिव्हिंगचा सण.’ ही गोष्ट खरी आहे काय? यंदा मी पुन्हा तेथे असेन, तेव्हा त्या दिवशी आपल्या घरी काय करावे?

उत्तर : जेवण झाले होते, हे खरे आहे. मात्र शाळेत सांगितली जाणारी गोष्ट त्या पंगतीपाशीच सुरू होते आणि तेथेच संपते, त्यामुळे तिच्या आधीचे आणि नंतरचे मुलांच्या कानावर पडत नाही. ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेले १०२ प्रवासी १६२० च्या अखेरीस आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात प्लिमथ येथे वस्तीला उतरले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतील जवळजवळ निम्मे दगावले. ज्या जागी त्यांनी घरे बांधली, ती ओसाड जमीन नव्हती. तेथे पटक्सेट नावाचे गाव होते आणि युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने ते काही वर्षांपूर्वीच निर्मनुष्य झाले होते. त्या गावचा टिस्क्वांटम तेवढा वाचला, कारण १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकण्यासाठी नेले होते. तो इंग्लंडमार्गे मायदेशी परतला, तेव्हा त्याच्या घरचे कोणीही उरले नव्हते. याच माणसाने नवागतांना मक्याच्या आळ्यात मासे पुरून जमिनीला खत कसे द्यावे, हे शिकवले. ज्याचे सर्वस्व गेले, त्याच्या शिकवणीवर ते पहिले पीक उभे राहिले, ही गोष्ट नातवाला अवश्य सांगावी असे मला वाटते.

१६२१ च्या शरद ऋतूत मका हाती आला. एडवर्ड विन्स्लो या वसाहतकाराने त्याच वर्षाच्या डिसेंबरात लिहिलेल्या पत्रानुसार तेथील मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसांसह आला, त्याच्या लोकांनी पाच हरणे मारून आणली आणि तीन दिवस खाणेपिणे चालले. त्या पत्रात मेजवानीसाठी पाखरे मारून आणल्याचा उल्लेख आहे, टर्कीचे नाव नाही. विशेष म्हणजे त्या इंग्रजांनी स्वतः या जेवणाला ‘थँक्सगिव्हिंग’ म्हटलेले नाही. त्यांच्या धर्मसमजुतीत आभाराचा दिवस म्हणजे प्रार्थनेचा दिवस. ‘पहिले थँक्सगिव्हिंग’ हे नाव या प्रसंगाला १८४१ मध्ये अलेक्झांडर यंग यांनी ते पत्र पुन्हा छापताना तळटीपेत दिले. म्हणजे नाव प्रसंगानंतर दोनशे वीस वर्षांनी आले.

राष्ट्रीय सणाचा उगम मात्र युद्धात आहे. सारा जोसेफा हेल या संपादिकेने असा एक समान दिवस असावा म्हणून अनेक वर्षे पत्रे आणि लेख लिहिले. अखेर यादवी युद्ध चालू असताना, ३ ऑक्टोबर १८६३ रोजी, अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार या सणासाठी जाहीर केला. त्या जाहीरनाम्यात प्लिमथच्या जेवणाचा उल्लेखही नाही. युद्धात विधवा आणि अनाथ झालेल्यांची आठवण ठेवावी, असे आवाहन आहे. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले, तेव्हा नाताळच्या खरेदीला अधिक दिवस मिळावेत म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे घेतला. त्यावरून राज्याराज्यांत फूट पडली आणि १९४१ च्या कायद्याने शेवटी चौथा गुरुवार कायम झाला.

गोष्टीचा उत्तरार्ध असा, की मॅसासॉइटचा मुलगा मेटाकोम याला १६७५–७६ च्या युद्धात इंग्रजांनी ठार केले आणि त्याचे शिर त्याच प्लिमथमध्ये अनेक वर्षे खांबावर लावून ठेवले. म्हणून १९७० पासून प्लिमथ येथे मूळ रहिवाशांच्या संघटना थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी ‘राष्ट्रीय शोकदिन’ पाळतात.

घरी काय करावे, या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की पिसांचा मुकुट बाजूला ठेवावा आणि स्वयंपाकघरातूनच इतिहास सांगावा. मका, घेवडा आणि भोपळा ही पिके तेथील मूळ लोक एकाच आळ्यात लावत आणि त्यांना ‘तीन बहिणी’ म्हणत, कारण मक्याचा ताट घेवड्याच्या वेलाला आधार देतो, घेवडा जमिनीचा कस राखतो आणि भोपळ्याची पाने ओल टिकवतात. आपण लाल भोपळ्याचे घारगे करा, मक्याची उसळ करा आणि नातवाला सांगा, की मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा ही आपल्या रोजच्या जेवणातली सारी पिके मूळची उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांतली आहेत. तेथील मूळ रहिवाशांपैकी उत्तरेकडील हॉडेनोशॉनी लोक कोणत्याही सभेच्या आरंभी माणसे, धरणी, पाणी, मासे, झाडे, पाखरे, वारा, सूर्य, चंद्र, तारे अशा क्रमाने एकेकाचे आभार मानतात. ते त्यांना वर्षातून एकदा नव्हे, प्रत्येक वेळी आवश्यक वाटते. मुलाला पाठ करण्यासारखे काही हवे असेल, तर हा क्रम फार सुंदर आहे.

प्रश्न (कॅनडातील ब्रॅम्प्टनहून एक मराठी वाचक) : आमच्याकडे हाच सण ऑक्टोबरात का येतो?

उत्तर : पीक आधी निघते म्हणून. उत्तरेला थंडी लवकर पडते आणि नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत शेतात आभार मानण्यासारखे काही उरत नाही. कॅनडात पूर्वी हा दिवस सरकार दरवर्षी वेगळा ठरवत असे. १८७२ मध्ये तर तो एप्रिलात, ब्रिटनचा राजपुत्र आजारातून बरा झाल्याबद्दल पाळला गेला. १९५७ पासून ऑक्टोबरचा दुसरा सोमवार कायम करण्यात आला आणि त्या घोषणेत ‘भरघोस सुगीबद्दल’ ईश्वराचे आभार असे कारण स्पष्ट दिले आहे. जेवणाचे ताट शेजारच्या देशासारखेच असते, पण प्लिमथची कथा तेथे सणाच्या मुळाशी नाही.

प्रश्न (कुडाळहून एक शेतकरी वाचक) : आमच्याकडे दारावर ‘नवे’ बांधल्याशिवाय आणि देवाला दाखवल्याशिवाय नव्या भाताला कोणी तोंड लावत नाही. माझी मुले याला अंधश्रद्धा म्हणतात. असा नियम जगात आणखी कोठे आहे काय?

उत्तर : आहे, आणि इतक्या दूरदूरच्या लोकांत आहे की, मला तर सुगीच्या सणाचा गाभा मेजवानीत नसून या थांबण्यातच दिसतो. भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, आंब्याचे पान आणि झेंडूचे फूल एकत्र बांधून कोकणात ‘नवे’ करतात आणि ते दारावर, देव्हाऱ्यावर, धान्याच्या कणगीवर बांधतात, हे आपल्याला मी सांगायला नको. गोव्यात हाच आचार दोन धर्मांत जिवंत आहे. हिंदू घरांत चतुर्थीच्या दिवसांत नव्या कणसांची पूजा होते. तर सासष्टीतील राय गावी ५ ऑगस्टला आणि ताळगावी २१ ऑगस्टला ख्रिस्ती लोक ‘कणसांचे फेस्त’ करतात, ज्यात धर्मगुरू शेतात जाऊन विळ्याने पहिली कणसे कापतात आणि आशीर्वाद देऊन ती वाटली जातात. देव बदलला, विळा आणि कणीस तेच राहिले.

जपानमध्ये हे व्रत स्वतः सम्राट पाळतो. २३ नोव्हेंबरच्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत राजवाड्यातील देवस्थानात ‘नीइनामे-साई’ हा विधी चालतो. त्यात सम्राट नवा तांदूळ, राळ्यासारखे बारीक धान्य आणि नव्या तांदळाचे मद्य देवांना अर्पण करतो आणि त्यानंतर स्वतः ते चाखतो. नवा सम्राट गादीवर आल्यावर हाच विधी मोठ्या प्रमाणावर एकदाच होतो आणि त्याला ‘दाइजोसाई’ म्हणतात. विद्यमान सम्राट नारुहितो यांचा हा विधी १४ आणि १५ नोव्हेंबर २०१९ रोजी झाला. त्यासाठी तांदूळ कोणत्या प्रांतातून आणायचा, याचा कौल कासवाच्या कवचाला तापवून, त्यावर पडणाऱ्या भेगा पाहून घेतला गेला आणि तोचिगी व क्योतो या दोन प्रांतांना तो मान मिळाला. राजवाड्याच्या आवारात एक लहानसे भातखाचरही आहे. १९२७ पासून सम्राट तेथे स्वतःच्या हाताने लावणी आणि कापणी करतात. अतिशय प्रगत यंत्रे बनवणाऱ्या देशाचा प्रमुख चिखलात वाकून रोप लावतो आणि पहिला घास देवाच्या आधी घेत नाही, हे आपल्या मुलांना जरूर सांगा.

नायजेरियातील इग्बो लोकांत भाताच्या जागी याम हा कंद आहे, जो आपल्या कोनफळाच्याच कुळातला आहे. पावसाळ्याच्या शेवटी, साधारणपणे ऑगस्टात, ‘इरी जी’ म्हणजे ‘नवा याम खाणे’ हा सण येतो. त्याच्या आदल्या रात्री घरातले जुने याम संपवले जातात, कारण नव्या वर्षाचा आरंभ ताज्या अन्नाने व्हायला हवा. सणाच्या दिवशी गावचा राजा किंवा कुळातला सर्वांत वडील पुरुष पहिला याम देवाला आणि पूर्वजांना दाखवतो आणि तो खाईपर्यंत इतर कोणी खात नाही. आफ्रिकेच्या दक्षिणेकडील एस्वातिनीत ‘इन्क्वाला’ नावाच्या सोहळ्यात राजा नव्या पिकाचा पहिला घास घेतो आणि मगच प्रजेला ते मोकळे होते.

या नियमाला अंधश्रद्धा म्हणण्यापूर्वी त्याचा व्यवहार पाहावा. जुने धान्य संपत आलेले असते, घरात मुले भुकेली असतात आणि शेतात दाणा नुकताच भरू लागलेला असतो. अशा वेळी प्रत्येकाने आपापल्या सोयीने कणसे खुडली, तर कोवळे पीक वाया जाते आणि बियाणेही उरत नाही. सर्व गावाने एका ठरलेल्या दिवसापर्यंत हात आवरायचा, असा हा करार आहे. तो करार देवाच्या नावाने केला म्हणून टिकला, असे माझे मत आहे.

प्रश्न (औसा, जि. लातूर येथून एक वाचक) : वेळ अमावस्येला आम्ही शेतात कडब्याची कोप करतो, तिच्यात पांडव मांडतो आणि सगळ्यांना बोलावून आंबील, भज्जी, उंडे खाऊ घालतो. ज्यू लोकही शेतातल्या कोपीचा सण करतात, असे ऐकले. आपला आणि त्यांचा काही संबंध आहे काय?

उत्तर : थेट संबंध दाखवता येत नाही, पण साम्य विलक्षण आहे आणि फरक त्याहून बोलका आहे. ज्यूंच्या सणाचे नाव ‘सुक्कोत’, म्हणजेच ‘झोपड्या’. सप्टेंबर–ऑक्टोबरातल्या पौर्णिमेपासून सात दिवस तो चालतो. अंगणात, गच्चीवर किंवा सज्जात झोपडी उभारायची, तिचे छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि तोडून आणलेल्या फांद्यांचेच हवे, ते इतके दाट हवे की सावली उन्हापेक्षा अधिक पडेल आणि इतके विरळ हवे की रात्री तारे दिसतील. घर भरलेले असताना कुटुंब तेथे जेवते आणि कित्येक जण तेथेच झोपतात. धर्मग्रंथात याची दोन कारणे दिली आहेत. एक म्हणजे शेतातले उत्पन्न गोळा झाल्याचा आनंद आणि दुसरे म्हणजे इजिप्तमधून सुटल्यावर पूर्वज वाळवंटात झोपड्यांतून राहिले, त्याची आठवण. कोठारे भरली त्याच आठवड्यात ‘आपण बेघर होतो’ हे आठवायचे, ही योजना मला फार खोल वाटते. आपली वेळ अमावस्या, म्हणजे येळवस, मात्र ज्वारी, हरभरा, गहू शेतात उभे असताना, मार्गशीर्ष अमावस्येला येते. तिच्यात पिकाचे आभार मानण्याबरोबरच पीक सुखरूप घरी येवो ही प्रार्थनाही आहे.

सुक्कोतच्या दिवसांत खजुराचे पान, मर्टल आणि वाळुंज यांच्या फांद्या आणि ‘एत्रोग’ नावाचे फळ हाती धरून प्रार्थना करतात. हे एत्रोग म्हणजे आपले महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे, तेच. या फळाचे मूळ घर हिमालयाच्या पायथ्याशी, भारताच्या ईशान्येकडे मानले जाते आणि तेथून ते पश्चिमेला इतके दूर गेले.

खरा मराठी दुवा मात्र औशात नसून अलिबाग, पेण, पनवेलच्या बाजूला आहे. कोकणातले बेने इस्रायल नावाचे ज्यू अनेक शतके तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हिब्रू भाषा विसरली गेली, तरी त्यांनी सण सोडले नाहीत. त्यांना मराठी नावे दिली. वर्षारंभाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी येणाऱ्या ‘खिरीच्या सणा’ला नव्या धान्याची नारळाच्या रसातली खीर करून, धूप लावून देवाचे नाव घेत. आजही नवस फेडताना, लग्नकार्याच्या आधी किंवा संकटातून सुटल्यावर ते ‘मलिदा’ करतात. भिजवलेल्या पोह्यांत गूळ किंवा साखर, खोबरे आणि वेलची घालून, वर फळे मांडून, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण केले जाते. अलिबागजवळच्या खंडाळे गावी त्याच्या रथाच्या खुणा ज्यावर उमटल्या असे मानतात, तो खडक आहे आणि तेथे भाविक जातात. जगातल्या इतर ज्यूंत हा पोह्यांचा आभारविधी नाही. १९४८ नंतर इस्रायलमध्ये गेलेली कुटुंबे तो तेथेही करतात. कोकणच्या भाताने ज्यू धर्माला दिलेली ही भेट आहे.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक भगिनी) : मी एका कोरियन कंपनीत काम करते. तेथे ‘चुसोक’ची तीन दिवस सुट्टी असते. हा सुगीचा सण की पितरांचा?

उत्तर : दोन्ही, आणि कोरियन माणसाला ते वेगळे वाटत नाहीत, कारण ज्यांनी जमीन नीट करून ठेवली ते पूर्वज आणि तिच्यातून आलेले धान्य यांचे आभार एकाच वेळी मानायचे असतात. चांद्र पंचांगातील आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला चुसोक येतो. ही बहुधा आपली भाद्रपद पौर्णिमा असते, जिच्यापासून आपल्याकडे महालय सुरू होतो. २०२३ मध्ये २९ सप्टेंबरला तसेच झाले. २०२५ मध्ये मात्र कोरियन पंचांगात अधिक महिना आला, आपल्याकडे आला नाही आणि चुसोक ६ ऑक्टोबरला, आपल्या कोजागरीच्या दिवशी पडला.

सणाच्या आधी कुटुंबातील माणसे पूर्वजांच्या थडग्यांवर वाढलेले गवत कापून जागा स्वच्छ करतात. सकाळी नव्या तांदळाचा भात, फळे, मद्य आणि ‘सोंगप्योन’ पूर्वजांपुढे मांडतात. सोंगप्योन म्हणजे तांदळाच्या पिठीत तीळ, घेवडा किंवा चेस्टनटचे गोड सारण भरून, देवदाराच्या जातीच्या पाइन झाडाच्या सुईसारख्या पानांवर उकडलेली अर्धचंद्राकृती करंजी. आपल्या मोदकाची ही दूरची बहीण म्हणायला हरकत नाही. ‘अधिकही नको, उणेही नको, सारे काही चुसोकसारखे असावे,’ अशी तिकडे म्हण आहे.

आपण स्त्री म्हणून एक गोष्ट जाणून घ्यावी. या मांडणीसाठी तळणाचे ढीगभर पदार्थ करताना तेथील सुना थकून जातात आणि सणानंतर घराघरांत कलह होतात, ही तक्रार कोरियात उघडपणे होऊ लागली. तेव्हा २०२२ मध्ये, ‘सुंगक्युनग्वान’ या कन्फ्यूशियस परंपरेच्या जुन्या संस्थेने जाहीर केले, की नऊपेक्षा अधिक पदार्थांची आवश्यकता नाही आणि तळण तर नकोच. परंपरेचे रक्षण करणाऱ्यांनीच स्त्रियांच्या कष्टांची दखल घेतली, याचा मला मनापासून आनंद वाटतो. श्राद्धाच्या स्वयंपाकाविषयी आपल्याकडेही कोणी अधिकारी व्यक्तीने असे बोलावे.

प्रश्न (बीड जिल्ह्यातून एक ज्येष्ठ वाचक) : मी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. मदत म्हणून आलेली मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन आम्ही वाढलो. आपले सण भरल्या घराचे आहेत. भुकेची आठवण ठेवणारा सण कोठे आहे काय?

उत्तर : आपले पत्र वाचून मी बराच वेळ थांबलो. असा सण आहे, त्याचे नाव ‘होमोवो’ आणि त्या नावाचा अर्थच ‘भुकेची हुर्यो’ असा आहे. घाना देशाची राजधानी अक्रा आणि तिच्या आसपासच्या किनाऱ्यावर गा लोक राहतात. स्थलांतराच्या काळात त्यांच्यावर मोठा दुष्काळ ओढवला, त्यांनी उरलेला मका पेरला, पाऊस आला आणि पीक इतके आले की लोक उपासमारीकडे पाहून खदखदून हसले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ‘होमोवो’ या शब्दात ‘होमो’ म्हणजे भूक आणि ‘वो’ म्हणजे तिची टर उडवणे.

या हसण्याच्या आधी मौन असते. पुरोहित मका पेरतात आणि त्यानंतर सुमारे महिनाभर शहरात ढोल वाजवण्याला आणि गोंगाटाला बंदी असते, कारण कोंब फुटत असताना धरणीला शांतता हवी. लाखो वस्तीच्या आधुनिक राजधानीत, देवळे, चर्च आणि नाचगाण्याची ठिकाणे असतानाही, ही बंदी दरवर्षी जाहीर होते. पुढे साधारणपणे ऑगस्टात सण येतो. बाहेरगावी राहणारे कुटुंबीय मका आणि भाज्या घेऊन मूळ घरी परततात. मक्याच्या पिठाचा उकडलेला ‘क्पोक्पोई’ आणि ताडाच्या जातीच्या पामफळांचे, मासे घातलेले कालवण केले जाते. गावचा प्रमुख तो क्पोक्पोई स्वतःच्या हाताने रस्त्यावर, उंबरठ्यांवर शिंपडत जातो, म्हणजे जे भुकेने गेले त्या पूर्वजांना पहिला घास मिळतो. दुसऱ्या पहाटे वर्षभरात वारलेल्यांसाठी घराघरांतून रडणे ऐकू येते आणि मग लोक एकमेकांच्या दारी जाऊन भांडणे मिटवतात.

नेदरलँड्समधील लायडन शहराची आठवणही अशीच आहे. १५७४ मध्ये स्पॅनिश सैन्याच्या वेढ्यात हजारो माणसे भुकेने आणि रोगाने मेली. ३ ऑक्टोबरला वेढा उठला आणि सोडवणारे लोक हेरिंग मासे आणि पांढरा पाव घेऊन आत आले. आजही त्या तारखेला सकाळी शहरात तोच मासा आणि तोच पाव वाटला जातो. साडेचारशे वर्षांनी लोकांनी पक्वान्न निवडलेले नाही. सुटकेच्या दिवशी जे हाती पडले, तेच ते खातात.

आपल्या पिढीने सुकडीची चव नातवंडांना एकदा तरी दाखवावी, असे मला फार वाटते. वर्षातून एक दिवस, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेल्या हातांनीच ती करून वाढली, तर त्या मुलांना ते पुस्तकातून कळणार नाही असे काही कळेल.

प्रश्न (ठाण्याहून एक महाविद्यालयीन वाचक) : आमच्या घरात तीन पिढ्या शेती नाही. आम्ही सुगीचा सण करावा तर कोणाचे आभार मानावेत?

उत्तर : हा प्रश्न कारखाने वाढलेल्या प्रत्येक देशाला पडला आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात मॉरवेनस्टो येथील धर्मगुरू रॉबर्ट हॉकर यांनी १८४३ मध्ये सुगीच्या आभारासाठी चर्चमध्ये खास प्रार्थना ठेवली आणि तेथून ती पद्धत देशभर पसरली. सुरुवातीला लोक पेंढ्या, सफरचंदे, भाज्या आणत. आता शहरातील शाळांतली मुले डबाबंद अन्न आणतात आणि ते गरजूंच्या अन्नपेढीकडे जाते. जर्मनीत ऑक्टोबरच्या आरंभीच्या रविवारी चर्चच्या वेदीवर भोपळे, पाव आणि कणसांचा विणलेला मुकुट मांडतात, तेही नंतर वाटून टाकतात. जपानने १९४८ च्या कायद्याने २३ नोव्हेंबरची सुट्टी कायम ठेवली, मात्र धर्म आणि शासन वेगळे करायचे असल्यामुळे तिला ‘श्रमाबद्दल कृतज्ञतेचा दिवस’ असे नाव दिले. राजवाड्यात सम्राट देवांना तांदूळ वाहतो, त्याच दिवशी शाळकरी मुलांनी केलेली आभारपत्रे पोलीस चौकीत आणि अग्निशमन केंद्रात पोहोचलेली असतात.

आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. मुरबाड आणि शहापूर हे भाताचे तालुके आपल्याच जिल्ह्यात आहेत. दिवाळीनंतर तेथील नवा तांदूळ बाजारात येतो. तो पिकवणाऱ्याकडून घेता आला तर घ्यावा, त्याचे नाव आणि गाव विचारावे आणि घरी आणल्यावर पहिला पेला आपल्या डब्यात पडण्याआधी बाहेर द्यावा. कोणाला द्यायचा, हे आपल्या घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे.